दीपमाला साळवेची ‘कात’

भोकरदनच्या बसस्टँडमागं, खताच्या दुकानाला चिकटून दीपमाला साळवेचा गाळा आहे. तिच्याकडं पहिल्यांदा निघालेल्या माणसाला जाणकार लोक दोन गोष्टी बजावून पाठवतात. एक, कॉम्प्युटर आधी दुसऱ्या कुणाला दाखवला असेल तर तोंडातून तसं काढू नका. आणि दोन, बाई जे बोलतील ते मनाला लावून घेऊ नका, काम मात्र होईल.

तरी तिला कळायचंच. डब्याचे स्क्रू बघूनच ती ओळखायची. "कोन्या गाढवानं उघडला व्हता हा?" असं तिनं विचारलं की गिऱ्हाईक खाली बघायचं. दुसऱ्यांनी भंगार ठरवलेली यंत्रं तिच्याकडं यायची. कापसाच्या जिनिंगमधला काटा चालवणारा जुना डबा, रक्त तपासणाऱ्याकडचा पिवळा पडलेला मॉनिटर, शाळांचे वीस वर्षांपूर्वीचे संगणक. ती रॅम उपसून खोडरबरानं घासायची, फुगलेले कपॅसिटर बदलायची, बोर्डावरचा नाण्याएवढा सेल नवा घालायची आणि यंत्र चालू झालं की ते गिऱ्हाइकापुढं असं सरकवायची, जणू त्याच्या तोंडावर फेकतेय. सत्तेचाळीस वर्षांची ही बाई गावात कुणाशी हसून बोललेली फारशी कुणाच्या आठवणीत नव्हती. लग्न का केलं नाही, असं एकदा शेजारच्या खतवाल्यानं सहज विचारलं, तर तिनं त्याला त्याच्या तीन पिढ्यांची लग्नं कशी पार पडली ते ऐकवलं होतं.

पण ती कायम अशी नव्हती.

पंचवीसेक वर्षांपूर्वी, बी.एस्सी. होऊन आल्यावर ती भोकरदनच्याच एका खाजगी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली. क्लासमध्ये एक इंग्रजी मासिक यायचं आणि त्यासोबत एक सीडी. बाकीचे त्या सीडीतले गेम काढून घेत. दीपमाला बाकीचं सगळं वाचायची. पुसलेली फाईल परत आणणारा एक छोटा प्रोग्राम, डिस्कचं दुखणं सांगणारा दुसरा, यंत्रात कुठला भाग बसवलाय ते न उघडता दाखवणारा तिसरा. प्रत्येकाबरोबर बनवणाऱ्यानं लिहिलेली एक चिठ्ठी असायची. ती शब्दकोश घेऊन त्या चिठ्ठ्या वाचत बसायची. "तीस दिवस वापरून बघा. उपयोग झाला तर मला कळवा आणि फी पाठवा. नाही झाला तर पुसून टाका." याला शेअरवेअर म्हणतात, हे तिला तिथंच कळलं. कुठल्या तरी परमुलखातला माणूस, ना ओळख ना पाळख, आपल्यावर भरवसा टाकतोय, याचं तिला फार अप्रूप वाटलं. तिच्यावर तोवर असा भरवसा कुणी टाकला नव्हता. क्लासच्या मालकानं तर कपाटाची किल्लीही दिली नव्हती.

मग तिनं स्वतःच एक प्रोग्राम लिहायला घेतला. तेव्हा मराठी मजकूर ज्या फॉन्टात टाईप व्हायचा, तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर नसला की अक्षरांची खिचडी व्हायची. शाळेची प्रश्नपत्रिका उघडावी, तर पडद्यावर नुसते कंस, टक्के आणि डॉलर. पुढं कुठल्याही यंत्रावर मराठी सारखंच दाखवणारं युनिकोड आलं, तेव्हा जुना मजकूर त्यात आणायचा कसा, हा प्रश्न प्रत्येक कचेरीत उभा राहिला. दीपमालानं सात महिने बसून कुठल्या खुणेचं कुठलं अक्षर, असा तक्ता हातानं मांडला आणि त्यावरून प्रोग्राम केला. साप जुनी कातडी टाकतो तसा मजकूर जुना फॉन्ट टाकतो, म्हणून त्याचं नाव ठेवलं ‘कात’. सीडीवर तिनंही मराठीत चिठ्ठी घातली: "तीस दिवस वापरा. पटलं तर कळवा."

क्लासमध्ये तिच्यासोबत शौनक जहागीरदार नावाचा पोरगा शिकवायचा. जालन्याचा, बोलायला गोड. पहिली सीडी तिनं त्यालाच दिली.

‘कात’ जिल्हाभर पसरली. मंठा, घनसावंगी, अंबड, परतूर, कुठकुठल्या शाळांतले कारकून ती वापरतात असं तिच्या कानावर यायचं. कळवलं मात्र दोन वर्षांत चौघांनी. त्यातल्या एक अंबडच्या ग्रंथालयातल्या साधनाबाई. त्यांनी २००९ साली पोस्टकार्ड टाकलं: "तुमची कात उत्तम आहे. फक्त ‘गोऱ्हे’ लिहिलं की ‘गोहे’ येतं. बघता का?"

दीपमालानं तक्ता काढून बघितला. ऱ्ह लिहिताना ह-च्या आधी जो आडवा झुकलेला अर्धा र येतो, त्याची ओळच तक्त्यात राहून गेली होती. प्रोग्राम ती खूण दिसली की गिळून टाकत होता. त्याच दिवशी तिनं ओळ घातली, चार नव्या सीड्या केल्या आणि नोंदणी केलेल्या चौघांना पोस्टानं पाठवल्या.

"आन् बाकीच्यायचं?" आईनं, कांताबाईंनी विचारलं होतं.

"ज्यानं मला कळवलं न्हाई, त्याला मी काहून कळवू? भोगा म्हणावं."

तिला तेव्हा ते बिलकुल बराबर वाटलं होतं.

*

गेल्या जूनमध्ये गजानन मुळे नावाचे हेडक्लार्क एक जुना डबा पोत्यात गुंडाळून तिच्या गाळ्यात आले. जालन्याजवळच्या एका शिक्षणसंस्थेच्या शाळेत ते नोकरीला. घामाघूम झालेले.

"चालूच होऊन न्हाई राह्यला, बाई. आमच्या एजन्सीवाल्यानं भंगारात द्या म्हणून सांगितलं. पण याच्यात जुनं जनरल रजिस्टर हाय. कागदावरचं पुस्तक वाळवीनं खाल्लं. आता एवढाच पुरावा राह्यला."

"पुरावा कशाचा?"

"एक पोरगी हाय, भावना कुऱ्हाडे. तिच्या दाखल्यावर कुहाडे छापून आलं. आधारवर कुऱ्हाडे, दहावीच्या मार्कलिस्टवर कुऱ्हाडे, दाखल्यावर कुहाडे. नर्सिंगचा प्रवेश अडकला तिचा. तिच्या आईनं शाळेत येऊन टेबल बडवलं. म्हणती, मूळ नोंद दाखवा, न्हाईतर कलेक्टरकडं जाते."

दीपमालाचा हात स्क्रूड्रायव्हरवर होता, तो तिथंच राहिला. तिला पुढचं काही विचारायची गरजच नव्हती. कुऱ्हाडेतला र कोण गिळतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"ठिवून जा," ती म्हणाली. "परवा या." एकही शिवी नाही. गजाननराव जाता जाता दोनदा मागं वळून बघत होते.

तिनं यंत्र उघडलं. कपॅसिटर फुगले होते, हार्डडिस्क आतल्या आत टकटक करत होती. तिनं डिस्क काढून आपल्या यंत्राला जोडली, थांबत थांबत, थंड होऊ देत देत सगळं उतरवून घेतलं. रजिस्टर सापडलं. जुन्या फॉन्टात कुऱ्हाडे स्वच्छ कुऱ्हाडेच होतं. बाजूलाच एक प्रोग्राम बसवलेला दिसला. नाव ‘वर्णपालट’. तिनं तो चालू केला. निळी चौकट बदलून हिरवी केलेली. पण बटणं त्याच जागी, त्याच क्रमानं, आणि मदतीच्या पानावर तिचीच वाक्यं. ‘तिचीच’ म्हणजे, ‘जरासं थांबा, मजकूर मोठा असला तर वेळ लागतो’ हे वाक्य तिनं वडलांना विचारून लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं: निर्मिती व सर्व हक्क, शौनक जहागीरदार, जालना.

तिनं त्यात ‘बोऱ्हाडे’ टाईप करून बघितलं. आलं ‘बोहाडे’.

चोरानं घर धुऊन नेताना केरसुणीसुद्धा नेली होती.

*

शौनक जहागीरदारची एजन्सी जालन्यात, काचेच्या दाराची. गजाननरावांच्या शाळेसकट दीड-दोनशे शाळांचं काम त्याच्याकडं होतं. दीपमाला आत शिरली तेव्हा त्यानं तिला ओळखलं, पण ओळख दाखवायला जरा वेळ घेतला.

"अरे, साळवे मॅडम! किती वर्षांनी."

"कात काहून चोरली?"

काउंटरवरच्या दोन मुली कामातून वर बघायला लागल्या. शौनकनं तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि त्याचा आवाज बदलला.

"चोरली? तू फुकट वाटत फिरत होतीस. मीच त्याला बाजारात आणलं."

"फुकट न्हाई. पटलं तर कळवा, असं लिहिलं व्हतं त्याच्यावर. तू तर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसत व्हतास. तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"हे बघ, दीपमाला. जुन्या डब्यांची डॉक्टर म्हणून तुझं तिकडं चाललंय ना बरं? तेच कर. कोर्टात काय दाखवणार आहेस? सीडी? त्यावर तारीख कुणीही टाकतं."

"चूक दाखवीन. माझी चूक जशीच्या तशी तुझ्यात हाय."

शौनक हसला, आणि ते हसू दीपमालाला पुढं कितीतरी दिवस दिसत राहिलं.

"दाखव ना. अवश्य दाखव. म्हणजे त्या पोरीचं नाव कुणी खाल्लं, तेही आपोआप सिद्ध होईल. मी तर म्हणेन, मला काय माहीत, साळवेबाईंकडून घेतलं होतं. आई तुझ्या दारात येईल त्या पोरीची, माझ्या नाही. नीट विचार कर. आणि आता ऊठ, मला माणसं भेटायला येणार आहेत."

ती भोकरदनला परत येईपर्यंत त्यानं हातपाय हलवले होते. दुसऱ्या दिवशी गजाननराव आले ते रागानं लाल होऊन.

"बाई, डबा द्या परत! जहागीरदार साहेबांचा फोन आल्ता सचिवांना. तुम्ही लोकांच्या कॉम्प्युटरातून माहिती काढून घेता म्हणे. पोरापोरींचे जन्मदाखले, आधार नंबर. माझी नोकरी घालवता का?"

"तुमी आणला, तुमी सांगितलं, म्हणून काढलं. घ्या तुमचा डबा. रजिस्टर ह्या पेनड्राईव्हमधी हाय. आन् सचिवांना सांगा, मीटिंग लावा. मी येणार हाये."

"तुमाला कोन बोलावून राह्यलं?"

"कोनी न्हाई. तरी येणार."

घरी तिनं आईला सगळं सांगितलं. कांताबाईंना प्रोग्राम म्हणजे काय ते आजतागायत कळलं नव्हतं, पण बाकीचं त्यांना चटकन कळलं.

"म्हणजी तुझी चूक हाय म्हणून तू गप बसशील, असं धरून चाल्लाय त्यो?"

"व्हय."

"मंग गप बसलीस तर चूक दोनदा झाली की गं," कांताबाई म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला लागल्या.

*

संस्थेचे सचिव आदिनाथराव हे संथ, सावध गृहस्थ. भावनाच्या आईच्या, मीना कुऱ्हाडेच्या, कलेक्टरकडं जायच्या धमकीनं त्यांना मीटिंग लावावीच लागली. शाळेच्या ग्रंथालयात चार सभासद, गजाननराव, शौनक आणि दीपमाला. तिला खुर्ची दिली ती दाराजवळची. चहा सगळ्यांना आला, तिच्यापर्यंत ट्रे पोचला तेव्हा रिकामा होता.

"बोला," आदिनाथराव म्हणाले. "थोडक्यात."

"तुमचं नवं रजिस्टर मी कधी उघडलेलं न्हाई," दीपमाला म्हणाली. "तरी तुमच्या नव्या कॉम्प्युटरात कोनती नावं चुकली ते सांगते. लिहून घ्या. बोऱ्हाडे असतील ते सगळे बोहाडे झालेत. गोऱ्हे ते गोहे. कऱ्हाळे ते कहाळे. कुऱ्हाडे तर तुमाला ठाऊकच हाय. ज्या नावात ऱ्ह न्हाई, ते एकही चुकलेलं न्हाई. बघा."

गजाननरावांनी नव्या यंत्रावर शोधलं. बोहाडे, एकोणीस. गोहे, सहा. ते वाचत गेले तसा त्यांचा आवाज बारीक होत गेला. "आम्ही समजत व्हतो, टायपिंगची चूक हाय. एखाद्यानं तक्रार केली की हातानं दुरुस्त करायचो," ते म्हणाले.

"मला कसं ठाऊक? कारण हा प्रोग्राम मी लिहिला. २००७ साली. ही माझी सीडी, हा हातानं मांडलेला तक्ता, हे अंबडच्या बाईंचं पोस्टकार्ड, पोस्टाच्या शिक्क्यासकट. ही चूक २००९ साली कळली. ज्यांनी नोंदणी केली, त्यांना मी दुरुस्त सीडी पाठवली. यानं चोरली ती पहिली. चोराला दुरुस्ती कुठून मिळणार?"

शौनक शांतपणे म्हणाला, "म्हणजे चूक यांची, हे यांनीच सांगितलं. मला अजून काही बोलायचं नाही."

आदिनाथरावांनी चष्मा काढला. "चूक नक्की कुणाची, ते स्पष्ट सांगा बाई."

"चूक माझी. चोरी त्याची. दोन्ही लिहा."

एक सभासद म्हणाला, "एवढी हुशारी होती तर सोळा वर्षं तोंड का शिवून बसला होतात? आम्हाला कळवलं असतं तर?"

यावर तिच्याकडं उत्तर होतं, आणि ते तिनं कितीदा तरी मनात घोकलेलंही होतं: तुम्ही मला कळवलं नाही. पण त्या खोलीत, भिंतीवरच्या वर्गांच्या फोटोंपुढं, ते ओठांवर आलं तेव्हा तिला ते इतकं क्षुद्र वाटलं की तिनं पोस्टकार्ड उचलून परत पिशवीत ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला भर सभेत बोललं आणि तिनं उलट बोलणं गिळलं.

इतिवृत्तात शेवटी एकच ओळ आली: ‘श्रीमती साळवे यांनी त्यांच्या प्रोग्राममधील चूक मान्य केली व ती विनामोबदला दुरुस्त करण्याचे कबूल केले.’ चोरीचं काय, असं तिनं विचारलं. "तो तुमच्या दोघांमधला मामला," आदिनाथराव म्हणाले. एजन्सीचं काम शौनककडंच राहिलं. जाताना त्यानं तिच्यासाठी दार उघडून धरलं. ती दुसऱ्या दारानं गेली.

चार दिवस ती शाळेत बसून जुनं आणि नवं रजिस्टर ओळीनं ताडत राहिली. त्रेसष्ट नावं निघाली. त्यातले कितीतरी लोक आता पस्तिशीत असतील. कुणाच्या जातपडताळणीत, कुणाच्या वारसनोंदीत तो र अडकून बसला असेल, याचा हिशेब कुणी करावा? भावना कुऱ्हाडेचा नवा दाखला तिच्यासमोर छापला गेला. त्यावर सही करताना मुख्याध्यापकांनी दीपमालाकडं बघितलंही नाही.

*

आठ दिवसांनी मीना कुऱ्हाडे गाळ्यात आली. उंच, काळीसावळी बाई, शेतावरून थेट आल्यासारखी, पायाला माती. तिच्या मागं भावना होती, ती दारातच थांबली.

"तूच का ती?"

"मीच."

"दाखला भेटला. बराबर नाव हाय. पण कालेजात जागा भरली. आता येक वरीस घरी बस म्हणाले. येक वरीस! तुला म्हाईत व्हतं म्हणे, सोळा वर्सांपासून?"

"व्हय. म्हाईत व्हतं."

"मंग?"

दीपमाला उभी राहिली होती. मीनाला बस म्हणावं, पाणी द्यावं, हे तिला सुचलंच नाही.

"मंग काय, बोल की! सगळ्या गावाला शिव्या देती म्हणे तू. आता काहून मुकी झाली? माझ्या पोरीनं तुझं काय घोडं मारलं व्हतं? तुझा पैका बुडवला व्हता तिनं? पाळण्यात व्हती ती तवा!" मीनानं टेबलावरच्या मॉनिटरवर हात आपटला. तो हलला, पण पडला नाही. "आग लागो तुझ्या दुकानाला."

दीपमालानं सगळं ऐकून घेतलं. मीना बोलून बोलून थकली, तिनं पदरानं तोंड पुसलं आणि निघाली. दारात भावनानं एकदा वळून बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि दीपमालाला वाटलं, असता तर बरं झालं असतं. खतवाला बाहेर उभा राहून ऐकत होता.

पुढच्या सोमवारपासून तिनं गाळ्याला सकाळचं कुलूप लावायला सुरुवात केली. दुपारपर्यंत ती एसटीनं एकेक शाळा गाठायची, पेनड्राईव्ह घेऊन. दुरुस्त केलेली कात तिनं चिठ्ठी काढून टाकून त्यात घातली होती. तीस दिवस नाही, नोंदणी नाही, काही नाही. "तुमच्याकडं जुनं रजिस्टर कशानं पालटलं?" एवढंच ती विचारायची. शौनकनं सगळीकडं फोन करून ठेवलेले. कुठं तिला फाटकातूनच परत पाठवलं. कुठं कारकून म्हणाला, "आमच्या नोंदी एकदम बराबर हायेत, तुम्ही कशाला उकरता?" एका गावात तर शिपायानं तिची पिशवी तपासली.

शहागडच्या शाळेतल्या कारकुनानं तिला अर्धा तास व्हरांड्यात बसवलं. हायवेवरून ट्रक जात होते, मुलं डबे खात होती. शेवटी तो बाहेर आला.

"सांगितलं ना, वेळ न्हाई."

"वेळ न्हाई? ‘बोहाडे’ टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. दोन मिनिटं! शाळेत कोनी बोऱ्हाडे हाय का तुमच्या? हाय ना? मंग त्या पोराला उद्या दाखला देताना तुझा वेळ कुठून काढशील रे? तवा बी माझ्यासारखंच व्हरांड्यात बसवशील का त्याच्या आईला?"

तिचा आवाज चढला होता. मुलं डबे धरून बघत होती. कारकून चिडून कॉम्प्युटरच्या खोलीत गेला, बहुधा तिचं तोंड बंद करायलाच, आणि त्यानं ‘बोहाडे’ टाईप केलं.

तो पडद्यावर बोट ठेवून ओळी मोजायला लागला.

"किती?" दीपमालानं दारातून विचारलं.

"अकरा."

"सरक तिकडं," ती म्हणाली, आणि त्याच्या खुर्चीवर बसून तिनं पेनड्राईव्ह लावला.